दिवसाचा खांब का होतो? हवामान केंद्राची नोंद आणि आलेखातली तारीख-वेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत एक छोटं हवामान केंद्र बसवलंय. ते दर १५ मिनिटांनी तापमान, आर्द्रता, पानांवरचा ओलावा आणि पाऊस नोंदवतं. जानेवारी २०२४ ची सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी आकडे वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) मित्राच्या संगणकावर एक्सेलमध्ये उघडून लाइन चार्ट काढला, तर दिवसभराचे सगळे बिंदू एकावर एक, उभ्या खांबासारखे आले. स्वतःच्या संगणकावर स्कॅटर चार्ट काढला, तर खालच्या अक्षावर १९०० ते १९०८ सालच्या तारखा. मित्राकडे स्कॅटर नीट आला, पण त्यात सर्वांत जास्त थंडी रात्री एक-सव्वाच्या सुमाराला दिसते. आणि शेवटचं विचारणं: गेल्या हंगामाशी यंदाची तुलना कशी करायची?

ही चार वेगवेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडणार नाही, म्हणून एकेक घेतो. शेतातल्या, शीतगृहातल्या आणि नदीकाठच्या यंत्रांच्या नोंदींचे आलेख काढण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत. आलेख चुकला की बहुतेक वेळा तापमानाचा आकडा बरोबर असतो आणि वेळ चुकलेली असते. म्हणून आधी वेळेकडे बघायचं.

एक्सेलच्या पोटात तारीख नसते, आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १, तिथून रोज एक वाढत जातो. १ जानेवारी २०२४ म्हणजे ४५२९२, १० जानेवारी म्हणजे ४५३०१. वेळ हा त्याच दिवसाचा अपूर्णांक: सकाळचे सहा म्हणजे ०.२५, दुपारचे बारा ०.५, संध्याकाळचे सहा ०.७५. तुमची १० जानेवारीची सकाळी पावणेसातची नोंद एक्सेलसाठी ४५३०१.२८१२५ आहे. सेलमध्ये जे ‘१०-०१-२०२४ ०६:४५’ दिसतं, तो त्या आकड्याला घातलेला अंगरखा. अंगरखा बदलून ‘जनरल’ फॉरमॅट केला की खरा आकडा दिसतो. काहीही गोंधळ झाला की मी सर्वांत आधी हेच करतो. आकडा दिसला तर ती तारीख आहे. अक्षरं जशीच्या तशी राहिली तर तो मजकूर आहे, आणि मजकुरावर वेळेचा आलेख निघत नाही.

(या मोजणीत एक जुनी खोट आहे. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, तरी एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० ही तारीख मानतो. लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीटमध्ये ती चूक होती आणि त्याच्याशी जुळावं म्हणून ती तशीच ठेवली गेली. लिबरऑफिस कॅल्क हे एक्सेलसारखंच मोफत सॉफ्टवेअर शून्य दिवस ३० डिसेंबर १८९९ धरतं, त्यामुळे १ मार्च १९०० नंतरचे आकडे दोन्हीकडे सारखेच येतात. मॅकवर तयार झालेल्या जुन्या फाइलींमध्ये मात्र मोजणी १९०४ पासून असू शकते. अशा फाइलमधून आकडे दुसरीकडे चिकटवले की सगळ्या तारखा १४६२ दिवसांनी, म्हणजे चार वर्षं आणि एक दिवस सरकतात. चार वर्षांचा फरक दिसला तर दुसरीकडे शोधू नका.)

आता खांबाकडे येऊ. लाइन चार्टचा खालचा अक्ष दोन प्रकारचा असतो: टेक्स्ट ॲक्सिस आणि डेट ॲक्सिस. पहिल्या कॉलममध्ये खऱ्या तारखा दिसल्या की एक्सेल आपणहून डेट ॲक्सिस निवडतो. फॉरमॅट ॲक्सिसमध्ये ‘बेस युनिट’ हा पर्याय उघडून बघा. तिथे दिवस, महिने आणि वर्षं एवढेच तीन पर्याय आहेत. तास नाही, मिनिट तर नाहीच. म्हणजे डेट ॲक्सिसचं सर्वांत लहान माप एक दिवस. ४५३०१.२८१२५ असो की ४५३०१.७५, त्याच्या लेखी दोन्ही ४५३०१ च. दिवसाच्या ९६ नोंदी एकाच उभ्या जागी पडतात आणि त्यांचा खांब होतो. तुमचं काहीच चुकलेलं नाही. दिवसाच्या आतली वेळ दाखवायला तो अक्ष बनवलेलाच नाही. लिबरऑफिसच्या तारीख-अक्षालाही हीच मर्यादा आहे.

अनेक जण इथे टेक्स्ट ॲक्सिस निवडून मोकळे होतात. खांब जातो, छान वळणदार रेघ येते आणि काम झालं असं वाटतं. ते करू नका. टेक्स्ट ॲक्सिसवर प्रत्येक ओळीला सारखी जागा मिळते, मग दोन ओळींमध्ये पंधरा मिनिटं असोत की सहा दिवस. बॅटरी उतरून केंद्र चार दिवस बंद पडलं असेल, तर ते चार दिवस आलेखातून नाहीसे होतात आणि रेघ अखंड वाहत राहते. बघणाऱ्याला खाडा पडल्याचं कळतच नाही. डाऊनी या बुरशीच्या रोगावरच्या फवारणीचा निर्णय ओलाव्याच्या तासांवर घ्यायचा असेल तर ही साधी चूक नाही.

दिवसाच्या आतली वेळ हवी तेव्हा स्कॅटर चार्ट घ्यायचा, ‘सरळ रेघा, खुणा नाहीत’ हा प्रकार. स्कॅटरचा खालचा अक्ष म्हणजे खरी संख्यारेषा. ४५३०१.२८१२५ ला तो त्याच ठिकाणी ठेवतो. मात्र दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक, स्कॅटर बिंदू ओळींच्या क्रमाने जोडतो, म्हणून डेटा वेळेनुसार लावलेला हवा, नाहीतर रेघांचं जाळं होतं. डेट ॲक्सिस स्वतःच क्रम लावून घेतो, स्कॅटर लावत नाही. दोन, अक्षावरच्या खुणा एक्सेल दशमानात टाकतो. एका दिवसाचा आलेख काढलात तर बहुधा ०.२ ची पायरी येईल आणि खाली ००:००, ०४:४८, ०९:३६, १४:२४, १९:१२ अशा विचित्र वेळा दिसतील. दिवसाचा पाचवा भाग म्हणजे चार तास ४८ मिनिटं, म्हणून. मेजर युनिटमध्ये, म्हणजे दोन मोठ्या खुणांमधल्या अंतरात, ०.१२५ टाकलं की दर तीन तासांनी खूण येते, ०.२५ टाकलं की दर सहा तासांनी. १० जानेवारीसाठी किमान ४५३०१ आणि कमाल ४५३०२ स्वतः लिहा, एक्सेलवर सोडू नका. पूर्ण महिन्यासाठी किमान ४५२९२, मेजर युनिट ७. १ जानेवारी २०२४ ला सोमवार होता, त्यामुळे प्रत्येक खूण सोमवारी पडेल आणि आठवडा डोळ्यांना आपोआप कळेल.

रोजचं कमाल-किमान तापमान किंवा रोजचा पाऊस असेल, म्हणजे दिवसाला एकच आकडा, तर तिथे डेट ॲक्सिसच उत्तम. महिने २८, ३०, ३१ दिवसांचे असतात आणि प्रत्येक महिन्याच्या एक तारखेला खूण टाकणं त्याला जमतं, स्कॅटरला जमत नाही.

आता १९०० ते १९०८. हे मला नेहमी खुणेसारखं उपयोगी पडतं, कारण ही सालं दिसली की मेख कुठे आहे ते लगेच कळतं. स्कॅटरच्या आडव्या कॉलममध्ये एक जरी सेल मजकूर असला, तरी एक्सेल सगळा कॉलम बाजूला ठेवतो आणि बिंदूंना १, २, ३ असे क्रमांक देतो. तुमच्या फाइलमध्ये ३१ दिवस गुणिले ९६ म्हणजे २९७६ ओळी आहेत. शेवटच्या बिंदूला २९७६ हा क्रमांक मिळाला, आणि तारखेच्या अंगरख्यात २९७६ म्हणजे २३ फेब्रुवारी १९०८. हिशोब तंतोतंत जुळतो.

मग मजकूर आला कुठून? केंद्राने तारीख दिवस/महिना/वर्ष अशी लिहिली. तुमच्या संगणकाच्या विंडोजमधली प्रादेशिक मांडणी बहुधा अमेरिकी आहे, तिथे आधी महिना. आपल्याकडे जोडून घेतलेल्या बऱ्याच संगणकांवर ती तशीच राहून जाते. सीएसव्ही फाइलवर दोनदा क्लिक केलं की एक्सेल तीच मांडणी वापरून तारखा वाचतो. ०५/०१/२०२४ ला तो १ मे समजतो. १३/०१/२०२४ मध्ये तेरावा महिना सापडत नाही, म्हणून तो मजकूर तसाच ठेवतो. कॉलम थोडा रुंद करून बघा: पहिल्या बारा दिवसांच्या ओळी सेलच्या उजव्या कडेला चिकटलेल्या असतील, १३ पासूनच्या डाव्या. उजवीकडे आकडे, डावीकडे मजकूर.

यातला सर्वांत घातक भाग मजकुराचा नाही, तो निदान दिसतो तरी. घातक आहेत ते पहिले बारा दिवस. जानेवारीचे १ ते १२ हे दिवस अमेरिकी वाचनात १ जानेवारी, १ फेब्रुवारी, १ मार्च असे करत १ डिसेंबरपर्यंत जाऊन बसतात. मजकुराच्या ओळी ‘खराब’ म्हणून काढून टाकल्यात, तर उरलेला आलेख वर्षभर पसरेल, दर महिन्याच्या एक तारखेला एक खांब. एखाद्याला तो वर्षाचा नमुना वाटेल. जानेवारीतली थंडी १ मे रोजी दिसत असेल तर निफाडचा माणूस फसणार नाही, पण आर्द्रतेच्या आलेखात हे चटकन लक्षात येत नाही.

फाइल एकदा अशी उघडून सेव्ह केली की ती दुरुस्त करण्यात वेळ घालवू नका, मूळ सीएसव्ही पुन्हा घ्या. दोनदा क्लिक करू नका. डेटा टॅबमधून ‘फ्रॉम टेक्स्ट’ने आत आणा. पॉवर क्वेरी उघडत असेल तर त्या कॉलमवर ‘चेंज टाइप, यूझिंग लोकेल’ घेऊन तारीख-वेळ आणि ‘इंग्लिश (इंडिया)’ निवडा. जुनं एक्सेल असेल तर फाइलच्या नावाच्या शेवटचं ‘सीएसव्ही’ बदलून ‘टीएक्सटी’ करा. मग उघडताना विझार्ड येतो. तिथे तारीख आणि वेळ मधल्या जागेवर तोडून दोन कॉलम करा, तारखेच्या कॉलमला ‘डेट, डीएमवाय’ (दिवस-महिना-वर्ष) सांगा, आणि आत आल्यावर तिसऱ्या कॉलममध्ये दोन्हींची बेरीज घ्या. तारीख अधिक वेळ, साधी बेरीज. लिबरऑफिसमध्ये सीएसव्ही उघडताना हा प्रश्न समोरच विचारला जातो, म्हणून अशा फाइलींसाठी मला ते जास्त सोयीचं वाटतं.

बेरजेच्या कॉलमशेजारी ‘इझनंबर’ फंक्शनचा एक कॉलम लावा आणि ‘फॉल्स’ किती ते मोजा. शून्य आलं पाहिजे. मग सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी वेळ काढा. जानेवारीच्या फाइलमध्ये ती १ आणि ३१ जानेवारीच यायला हवी. आलेख काढण्याआधीची ही दोन मिनिटं मी कधीच वाचवत नाही.

तिसरं दुखणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे आलेख दिसायला अगदी नीटस असतो.

निरभ्र आकाशाच्या थंडीच्या रात्री जमीन रात्रभर उष्णता सोडत राहते आणि पारा उतरत जातो. सर्वांत कमी तापमान सूर्योदयाच्या आगेमागे येतं. निफाडला जानेवारीत सूर्य सात-सव्वासातला उगवतो, म्हणजे किमान तापमान साधारण साडेसहा ते सात या वेळात दिसायला हवं. कमाल दुपारी अडीच-तीनच्या सुमारास. तुमच्या आलेखात किमान सव्वा वाजता आहे. आता कमाल बघा, ते सकाळी नऊ-साडेनऊच्या आसपास सापडेल. दोन्ही टोकं साडेपाच तासांनी अलीकडे. केंद्र यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक वेळेत नोंदी करतंय आणि आपण त्या भारतीय प्रमाणवेळ म्हणून वाचतोय.

उपाय सोपा: वेळेच्या कॉलममध्ये ५.५ भागिले २४ मिळवायचं. पण ते रोजचं कमाल-किमान काढण्याच्या आधी. यूटीसीचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला सुरू होतो. आधी दिवसवार किमान काढून मग तारखा सरकवल्या, तर एक यूटीसी दिवस दोन भारतीय दिवसांचे तुकडे घेऊन बसतो. साडेपाचच्या आधीची थंडी एका तारखेत आणि नंतरची दुसऱ्या तारखेत जाते. हे सुधारणं नंतर अशक्य आहे.

केंद्रावर सूर्यप्रकाशाचा सेन्सर असेल तर आणखी बारीक तपासणी होते. एक सूचना मात्र लक्षात ठेवा: प्रकाशाचा माथा बरोबर बारा वाजता दिसणार नाही, आणि तो दिसत नाही म्हणून घड्याळ सरकवू नका. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. निफाड ७४ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं या हिशोबाने आपल्याकडे सूर्य ३४ मिनिटं उशिरा माथ्यावर येतो. त्यात पृथ्वीची कक्षा आणि तिचा कललेला आस यांमुळे होणारी वर्षभराची चढउतार मिळवली, की जानेवारीच्या मध्याला मध्यान्ह पाऊणच्या जरा आधी आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबाराच्या सुमारास येतं. निरभ्र दिवशीच्या आलेखाचा माथा या वेळेला असेल तर घड्याळ बरोबर आहे, असं खुशाल म्हणा.

मी यावर इतका जोर का देतो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पॅकहाऊसच्या शीतगृहातले तापमानाचे आलेख माझ्याकडे आले. द्राक्षांची एक खेप मऊ पडली होती. आलेखात पहाटे दोन वाजता तापमान वर चढलेलं दिसत होतं, म्हणून रात्रपाळीच्या माणसाने दार उघडं ठेवलं असा ठपका त्याच्यावर आला. त्याचं काम जायच्या बेतात होतं. मी मागच्या महिन्याभराच्या नोंदी एकाखाली एक लावल्या. रोज सकाळी कामगार आत येतात तेव्हा दार उघडल्याची लहानशी उसळी यायला हवी होती, ती आलेखात रोज पहाटे दीड-दोनला येत होती. तापमान नोंदवणारं यंत्र, म्हणजे लॉगर, यूटीसीमध्ये होता. ते ‘पहाटेचे दोन’ म्हणजे आपले सकाळचे साडेसात, दिवसपाळीने माल भरायला घेतल्याची वेळ. त्या माणसाचा काही संबंध नव्हता. अक्षाखाली ‘वेळ’ एवढंच लिहिलं होतं. तेव्हापासून माझ्या प्रत्येक आलेखाच्या अक्षाखाली ‘भारतीय प्रमाणवेळ’ किंवा ‘यूटीसी’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि तुम्हीही लिहावं अशी माझी विनंती आहे.

युरोपला माल जात असेल तर कंटेनरमधल्या लॉगरचा आलेख बघताना आणखी एक जपा. आपल्याकडे घड्याळं वर्षभर तशीच राहतात, नेदरलँड्समध्ये नाही. तिथे मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं. २०२४ मध्ये तो ३१ मार्च होता. त्या पहाटे दोन ते तीन हा तास तिथे झालाच नाही. तिथल्या रॉटरडॅम बंदराची स्थानिक वेळ अक्षावर घेतली तर तिथे एका तासाची फट दिसते, आणि आपल्याशी असलेला फरक साडेचार तासांवरून साडेतीनवर येतो. द्राक्षाच्या निर्यातीचा हंगाम नेमका याच सुमाराचा. म्हणून साठवण यूटीसीत करावी आणि आलेखात दाखवताना भारतीय वेळ करून घ्यावी.

काही लॉगर तारीख लिहितच नाहीत, १७०००००००० असा दहा किंवा तेरा आकडी डोंगर देतात. दहा आकडे असतील तर ते १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासूनचे सेकंद, तेरा असतील तर मिलिसेकंद. सेकंदांना ८६४०० ने भागा, २५५६९ मिळवा, आणि भारतीय वेळेसाठी ५.५ भागिले २४ मिळवा. पडताळणीसाठी: १७०००००००० सेकंद म्हणजे १५ नोव्हेंबर २०२३, पहाटे ३ वाजून ४३ मिनिटं २० सेकंद, आपल्या वेळेत. अशा डोंगरातली शून्यं मोजताना डोळा चुकतोच, म्हणून आकडे मोजण्यासाठी ‘लेन’ फंक्शन वापरा. आणि आलेखाच्या डाव्या टोकाला एकटाच बिंदू १ जानेवारी १९७०, पहाटे साडेपाच इथे दिसला, तर ती नोंद शून्य वेळेची आहे. वीज जाऊन घड्याळ कोरं झाल्याची ती खूण. तो बिंदू काढा, नाहीतर तुमचा सगळा जानेवारी उजव्या कडेला एका रेषेत चेपला जाईल.

तुम्ही विचारलं नाही, पण खाड्यांबद्दल सांगायलाच हवं. स्कॅटरमध्ये चार दिवसांची नोंद नसेल तर एक्सेल दोन टोकं सरळ रेघेने जोडतो. ती रेघ म्हणजे कुणीही न मोजलेलं तापमान. दोन लागोपाठच्या वेळांची वजाबाकी करून एक कॉलम घ्या. जिथे फरक एका तासापेक्षा, म्हणजे १ भागिले २४ पेक्षा जास्त असेल, तिथे एक पूर्ण रिकामी ओळ घाला. रेघ तुटेल आणि खाडा खाडा म्हणूनच दिसेल. रिकामी म्हणजे खरोखर रिकामी. सूत्राने दिलेली कोरी अवतरणचिन्हं एक्सेलसाठी मजकूरच असतात. आडव्या कॉलममध्ये ती आली तर पुन्हा १९०० साल, उभ्या कॉलममध्ये आली तर तापमान शून्य. जानेवारीत निफाडला शून्य अंश दिसलं तर बाग करपल्याची बातमी होईल, म्हणून हे नीट बघा.

पंधरा मिनिटं म्हणजे १ भागिले ९६, ही दशमानात न संपणारी संख्या. मागच्या वेळेत ती मिळवत मिळवत वेळांचा कॉलम तयार केला, तर काही हजार ओळींनंतर शेवटच्या दशांश स्थळांत फरक पडतो. आलेखात तो दिसत नाही. पण दोन केंद्रांच्या नोंदी वेळेवरून जुळवायला गेलात, की डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या वेळा जुळत नाहीत. जुळवण्याआधी दोन्हीकडच्या वेळांना १४४० ने गुणा, पूर्णांकात ‘राउंड’ करा, पुन्हा १४४० ने भागा. मिनिटापर्यंत सगळं स्वच्छ होतं.

ओलाव्याच्या तासांची बेरीज करताना आठवड्याचे साडेएकतीस तास सेलमध्ये ७:३० असे दिसतात. बेरीज चुकलेली नसते, घड्याळाचा फॉरमॅट २४ तास झाले की पुन्हा शून्यावर येतो. तासाच्या अक्षराभोवती चौकटी कंस असलेला फॉरमॅट निवडा, ३१:३० दिसेल. यावरून फवारणीचं ठरत असेल तर साडेसात आणि साडेएकतीस यांत केवढा फरक आहे हे मी सांगायला नको.

पावसाच्या आलेखात ‘दिवस’ कोणता, हे आधी ठरवा. भारतीय हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. २७ तारखेचा पाऊस म्हणजे २६ च्या साडेआठपासून २७ च्या साडेआठपर्यंत पडलेला. मुंबईकरांना २६ जुलै २००५ विसरता येत नाही, पण सांताक्रूझची ९४४ मिलिमीटरची नोंद २७ जुलैच्या सकाळी साडेआठला संपलेल्या २४ तासांची आहे. तुम्ही मध्यरात्र ते मध्यरात्र बेरीज केली आणि विभागाच्या आकड्यांशेजारी स्तंभ उभे केले, तर रात्रीचा पाऊस तुमच्याकडे आणि त्यांच्याकडे वेगळ्या तारखांना पडलेला दिसेल आणि उगाच केंद्राच्या पर्जन्यमापकावर संशय येईल. जुळवायचं असेल तर प्रत्येक नोंदीच्या वेळेतून ८.५ भागिले २४ वजा करा, उत्तर सहा दशांशांपर्यंत ‘राउंड’ करा आणि मग ‘राउंडअप’ने वरच्या पूर्णांकात न्या. जो आकडा येईल ती विभागाच्या पद्धतीची तारीख. यात तुमच्या केंद्राची वेळ पंधरा मिनिटांच्या शेवटी टाकलेली आहे असं गृहीत धरलंय. सुरुवातीची असेल तर आधी १५ मिनिटं मिळवा. केंद्राच्या माहितीपत्रकात ते सापडतं.

नोंदी वाढल्या की एक्सेल जड होतं. दर पंधरा मिनिटांनी म्हणजे वर्षाला ३५,०४० ओळी. ग्नूप्लॉट हा आलेख काढणारा प्रोग्राम किंवा पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं मॅटप्लॉटलिब तेव्हा कामाला येतं, पण तारीख आकडा झाली आहे की नाही हा प्रश्न तिथेही सुटत नाही. ग्नूप्लॉटला आडवा अक्ष वेळेचा आहे हे आणि वेळ कशी लिहिली आहे ते, दोन्ही आधी सांगावं लागतं. तारीख आणि वेळेच्या मध्ये मोकळी जागा असेल तर तो ते दोन कॉलम मोजतो, त्यामुळे तापमान दुसऱ्याऐवजी तिसऱ्या कॉलममध्ये जातं. मॅटप्लॉटलिबला मजकुराच्या तारखा तशाच दिल्या तर तो प्रत्येक तारखेला वेगळा गट मानतो आणि अक्षाखाली अक्षरांचा काळा पट्टा उमटतो. पायथनमधल्याच पांडासने तारखा वाचताना ‘दिवस आधी’ एवढाच इशारा देऊन थांबू नका, तो सक्तीचा नसतो. पूर्ण नमुना लिहून द्या, म्हणजे न जुळणारी ओळ आली की तो थांबून सांगतो.

रात्रीची थंडी बघायची असेल तर एक युक्ती. सगळे दिवस एकाच चोवीस तासांच्या अक्षावर एकावर एक ठेवायला वेळेचा फक्त अपूर्णांक घेतात, ‘मॉड’ फंक्शनने, १ ने भागून. त्यात रात्र मध्यरात्रीला दुभंगते, अर्धी डावीकडे, अर्धी उजवीकडे. आधी ०.५ वजा करून मग अपूर्णांक घ्या. अक्ष दुपारी बारापासून दुसऱ्या दुपारी बारापर्यंत जातो आणि संध्याकाळपासून सूर्योदयापर्यंतचा उतार सलग दिसतो. दिवस बदलताना रेघ मागे धावते, म्हणून इथे रेघा नकोत, नुसत्या खुणा ठेवा.

राहिली गेल्या हंगामाशी तुलना. कॅलेंडरच्या तारखा एकमेकींवर ठेवून द्राक्षात फारसं हाती लागत नाही. गेल्या वर्षी गोडी छाटणी (फळांसाठीची छाटणी) ५ ऑक्टोबरला झाली असेल आणि यंदा २० ला, तर १५ डिसेंबरला दोन्ही बागा वेगळ्या अवस्थेत असतात. बागायतदार बोलतात ते ‘छाटणीनंतर कितवा दिवस’ या भाषेत, आणि अक्षही त्याच भाषेत हवा. प्रत्येक नोंदीच्या वेळेतून त्या प्लॉटच्या छाटणीची तारीख वजा करा आणि स्कॅटरमध्ये दोन्ही हंगाम दोन वेगळ्या मालिका म्हणून काढा. आडव्या अक्षावर ०, १५, ३०, ४५ असे दिवस. वजाबाकी केल्यावर सेलमध्ये ४५ ऐवजी १४ फेब्रुवारी १९०० दिसलं तर घाबरू नका, एक्सेलने उत्तरालाही तारखेचा अंगरखा घातलाय. फॉरमॅट ‘नंबर’ करा. अक्षाचा फॉरमॅटही तसाच बदला, तो आपणहून बदलत नाही. आणि प्लॉट वेगवेगळ्या दिवशी छाटले असतील तर छाटणीची तारीख प्रत्येक प्लॉटसाठी वेगळ्या सेलमध्ये ठेवा, सूत्रात लिहून टाकू नका. पुढच्या ऑक्टोबरला फक्त ते सेल बदलावे लागतील.